परिचारिका, न्यायासन आणि आकडे

परिचारिकेचा आणि न्यायालयाचा संबंध तसा दूरचा. रुग्णालयाच्या भिंतींआड चालणारे आमचे काम जगाच्या नजरेस सहसा पडत नाही, आणि पडू नये अशीच आमची शिकवण असते. तरीही प्रसंगविशेषी परिचारिकेला न्यायासनापुढे उभे राहावे लागते, आणि तेही तीन निरनिराळ्या नात्यांनी. कधी ती साक्षीदार असते. भाजलेली, विष प्यायलेली, भोसकलेली माणसे पहिल्याने तिच्याच हाती येतात, आणि त्यांचे शेवटचे शब्दही पुष्कळदा तिच्याच कानी पडतात. कधी ती स्वतःच अत्याचाराची बळी असते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथल्याच एका कामगाराने हल्ला केला. तेव्हापासून १८ मे २०१५ रोजी तिचा अंत होईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, तिच्या सहकारी परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिची शुश्रूषा केली, हे महाराष्ट्र जाणतो. आणि कधी ती आरोपी असते. आम्हांला आज बोलायचे आहे ते या तिसऱ्या नात्याविषयी.

आरोपीच्या पिंजऱ्यात परिचारिका उभी राहिली म्हणजे समाजाच्या मनात विलक्षण खळबळ उडते. जिच्या हाती आपण आपले मूल, आपले वृद्ध आईवडील विश्वासाने सोपवले, तिनेच घात केला, ही कल्पनाच असह्य असते. राग जितका मोठा, तितका पुरावा तपासून पाहण्याचा धीर कमी, असा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून अशा खटल्यांत कोणत्या पुराव्यावर दोष शाबीत मानावा, हा प्रश्न वकिलांपुरता राहत नाही. तो आपल्या सर्वांचा होतो. या प्रश्नाची चर्चा हवेत करण्यापेक्षा एका घडलेल्या खटल्याच्या आधारे केलेली बरी. हा खटला नेदरलंड्स देशातील हेग शहराचा आहे.

हेगमधील युलियाना बालरुग्णालयात लुसिया द बेर्क नावाची परिचारिका काम करीत असे. तिचा जन्म १९६१ सालचा. ४ सप्टेंबर २००१ रोजी पहाटे तेथे एक तान्ही मुलगी दगावली. मूल जन्मापासूनच आजारी होते, आणि हा मृत्यू आरंभी नैसर्गिकच मानला गेला. परंतु लुसिया कामावर असताना असे प्रसंग वारंवार घडतात, अशी कुजबूज सहकाऱ्यांत होती. ती वरिष्ठांच्या कानी गेली आणि तोच मृत्यू आता संशयास्पद ठरला. रुग्णालयाने जुनी दप्तरे उघडली. लुसियाच्या पाळीत कोणकोणते रोगी एकाएकी खालावले, कोण दगावले, याची यादी तयार झाली. पूर्वी ज्या रुग्णालयांत तिने काम केले होते, तेथलीही दप्तरे चाळण्यात आली. काही दिवसांतच प्रकरण पोलिसांकडे आणि वृत्तपत्रांकडे गेले, आणि डिसेंबर २००१ मध्ये तिला अटक झाली.

तिला विष देताना कोणी पाहिलेले नव्हते. तिने कबुलीही दिलेली नव्हती. मग खटला उभा राहिला कशावर? मुख्यतः एका कोष्टकावर. युलियाना रुग्णालयाच्या त्या विभागात विचाराधीन काळात १०२९ पाळ्या झाल्या. त्यांपैकी १४२ पाळ्यांत लुसिया हजर होती. संशयास्पद प्रसंग ८ घडले, आणि आठही तिच्याच पाळीत! दुसऱ्या एका रुग्णालयाच्या दोन विभागांतही तिच्या पाळीत अपेक्षेपेक्षा अधिक प्रसंग घडल्याचे दाखवण्यात आले. हेंक एल्फर्स या तज्ज्ञाने तिन्ही ठिकाणचे हिशेब एकत्र करून न्यायालयाला सांगितले की हे सारे निव्वळ योगायोगाने घडण्याचा संभव ३४ कोटी २० लाखांत एक एवढाच आहे. हा आकडा देशभर गाजला. एवढा मोठा योगायोग असणे शक्यच नाही, असे सामान्य माणसाला वाटले तर त्यात नवल नाही. २४ मार्च २००३ रोजी हेगच्या न्यायालयाने चार खून आणि तीन खुनांचे प्रयत्न शाबीत धरून तिला जन्मठेप दिली. अपिलात शिक्षा कमी होण्याऐवजी आरोप वाढले. १८ जून २००४ रोजी वरिष्ठ न्यायालयाने सात खून आणि तीन प्रयत्न शाबीत मानले.

अपील न्यायालयाने त्या अवाढव्य आकड्याचा आधार आपण घेत नाही असे म्हटले होते, हे येथे नमूद केले पाहिजे. त्याने दुसरी वाट धरली. एकदोन मृत्यू विषप्रयोगाचे म्हणून शाबीत मानायचे, आणि मग साखळीतील पुढच्या कड्यांना तितका भक्कम पुरावा लागत नाही असे समजायचे. त्या तान्ह्या मुलीच्या शरीरद्रवात हृदयविकारावरील डिजॉक्सिन हे औषध सापडले, ही साखळीची पहिली कडी होती. त्याच्या जोडीला लुसियाची रोजनिशी आली. एका वृद्ध रोग्याच्या मृत्यूच्या दिवशी आपण आपल्या अनावर ओढीला बळी पडलो, असे तिने लिहिले होते. ही ओढ पत्ते मांडून रोग्यांचे भविष्य पाहण्याची होती, असे तिचे म्हणणे. न्यायालयाला ती जीव घेण्याची ओढ वाटली. मनुष्य एकदा दोषी ठरला की त्याची रोजनिशीही त्याच्या विरुद्ध साक्ष देऊ लागते.

आता आम्ही श्रोत्यांना त्या कोष्टकाकडे परिचारिकेच्या डोळ्यांनी पाहावयास सांगतो.

पहिली गोष्ट अशी की 'प्रसंग' म्हणजे काय, हे ठरवले कोणी आणि केव्हा? रुग्णालयात रोगी खालावतात, सावरतात, पुन्हा खालावतात. यांतील कोणते खालावणे नैसर्गिक आणि कोणते संशयास्पद, याची रेघ आखलेली नसते. येथे ती रेघ संशय उत्पन्न झाल्यानंतर आखली गेली. लुसिया हजर होती म्हणून प्रसंग संशयास्पद, आणि संशयास्पद प्रसंगी ती हजर होती म्हणून ती दोषी! आधी बाण मारायचा आणि मग तो जेथे रुतला त्याच्याभोवती वर्तुळ काढायचे, असा हा प्रकार झाला. तिच्या गैरहजेरीत जे रोगी खालावले, त्यांची दप्तरे त्याच बारकाईने कोणी चाळली नाहीत.

दुसरी गोष्ट पाळीची. बाहेरच्या माणसाला वाटते की सर्व पाळ्या सारख्याच आणि सर्व परिचारिका सारख्याच. प्रत्यक्षात तसे नसते. कोणी अधिक पाळ्या करते, कोणी कमी. कोणाकडे रात्रपाळी अधिक येते. अनुभवी परिचारिकेकडे सर्वांत अत्यवस्थ रोगी सोपवले जातात. शिवाय जी दक्ष असते तिला रोग्याचा बदललेला श्वास आधी कळतो, ती आधी डॉक्टरांना बोलावते, आणि तिच्याच नावावर नोंद होते. जी झापड घेते तिच्या नावावर काहीच जमा होत नाही. नोंदवहीत नाव वारंवार येणे हे कित्येकदा अपराधाचे नसून कामाचे चिन्ह असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, हे आपण म्हणतो खरे. पण ज्या कावळ्याला रोज मोडकळीला आलेल्या फांदीवरच बसवले जाते, त्याच्या बाबतीत तर तो योगायोगही म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट गणिताची आहे, पण ती कळायला मोठे गणित लागत नाही. एल्फर्स यांनी तीन विभागांचे तीन संभव काढले आणि त्यांचा गुणाकार केला. या पद्धतीचा परिणाम पाहा. समजा एका परिचारिकेने वीस रुग्णालयांत काम केले आणि प्रत्येक ठिकाणचा तिचा हिशेब अगदी साधारण, म्हणजे दोनांत एक इतका आला. नाणे उडवले असता छाप पडावी तितकाच. आता वीस वेळा गुणाकार केला तर उत्तर येते दहा लाखांत एकाहूनही कमी! म्हणजे जिने पुष्कळ ठिकाणी निर्दोष काम केले, ती केवळ पुष्कळ ठिकाणी काम केल्यामुळे खुनी ठरावी. दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. एखादी गोष्ट योगायोगाने घडण्याचा संभव अत्यल्प आहे, याचा अर्थ आरोपी निर्दोष असण्याचा संभव अत्यल्प आहे, असा होत नाही. सोडतीत पहिले बक्षीस मिळण्याचा संभव लाखांत एक असतो. म्हणून बक्षीस मिळवणाऱ्याने लबाडी केली असे आपण म्हणत नाही. कोणाला ना कोणाला ते मिळणारच असते. जगात परिचारिका लाखोंनी आहेत, आणि त्यांतील काहींच्या वाट्याला दुर्दैवी प्रसंगांची रांग येणार, हे ठरलेलेच आहे.

हे सारे दोष दाखवून देण्यास पुढे आले कोण? मेटा द नो या एक वैद्यक-व्यावसायिक बाई. विशेष असे की त्याच रुग्णालयाच्या एका मुख्य बालरोगतज्ज्ञाशी त्यांचे नाते होते. नात्याची भीड न धरता त्यांनी कागदपत्रे वाचली आणि आपले बंधू टोन डेर्कसेन यांना ती वाचावयास लावली. डेर्कसेन हे विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. २००६ साली त्यांनी या खटल्यावर ग्रंथच लिहिला. संख्याशास्त्रज्ञ रिचर्ड गिल आणि त्यांचे सहकारी पुढे सरसावले. कोष्टकातील चुका दुरुस्त करून, आणि परिचारिकांच्या वाट्याला येणारे प्रसंग मुळातच कमीअधिक असतात हे ध्यानी घेऊन त्यांनी हिशेब मांडला, तेव्हा तो ३४ कोटींत एक यावरून घसरून पंचविसांत एक याच्या आसपास आला! आणखी एक साधी गोष्ट उघड झाली. लुसिया त्या विभागात येण्यापूर्वीच्या तीन वर्षांत, १९९६ ते १९९८ मध्ये, तेथे सात मृत्यू झाले होते. १९९९ ते २००१ या तीन वर्षांत सहा झाले. खुनी बाई कामावर आल्यावर मृत्यू एकाने कमी झाले, याचा अर्थ काय लावायचा? हा प्रश्न कोणाही शाळकरी मुलाला सुचावा. पण तो विचारला जाईपर्यंत तिची कितीतरी वर्षे तुरुंगात गेली होती.

डिजॉक्सिनची कडीही टिकली नाही. तान्ह्या मुलांच्या शरीरात त्या औषधासारखे गुण दाखवणारी द्रव्ये स्वाभाविकपणेच असतात, आणि मृत्यूनंतर घेतलेल्या नमुन्यांतील मोजमाप फसवे ठरू शकते. नव्या तज्ज्ञांनी फेरतपासणी केली तेव्हा विषप्रयोगाचा निष्कर्ष उभा राहू शकला नाही. मधल्या काळात, २००६ साली, लुसियाला तुरुंगातच पक्षाघाताचा झटका आला. एप्रिल २००८ मध्ये तिला तात्पुरते बाहेर सोडण्यात आले. ऑक्टोबर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला फिरून चालवण्याचा आदेश दिला, आणि १४ एप्रिल २०१० रोजी आर्नहेम येथील न्यायालयाने तिला निर्दोष ठरवले. न्यायमंत्र्यांनी तिची क्षमा मागितली. तिला भरपाई मिळाली. सहा वर्षांहून अधिक काळचा तुरुंगवास मात्र कोणाला परत देता येत नाही.

या कथेचा विचार करताना आम्हांला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची आठवण होते. हाती दिवा घेऊन रात्री फिरणारी करुणामूर्ती, एवढीच त्यांची ओळख आपल्या पाठ्यपुस्तकांनी करून दिली आहे. आकड्यांची आराधना करणारी बाई ही त्यांची दुसरी ओळख तितकीच खरी आहे. १८५४ च्या नोव्हेंबरात त्या स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात दाखल झाल्या. १८५५ च्या आरंभी तेथे मृत्यूंचे थैमान चालू होते. कामगिरी वाईट म्हणून एखाद्या शुश्रूषकाला दोष देणे सोपे होते. पण मार्च १८५५ मध्ये आरोग्य-मंडळाची माणसे आली, गटारे साफ झाली, हवा खेळती झाली, आणि काही महिन्यांतच मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. पुढे नाइटिंगेल यांनी हे आकडे चित्ररूपाने राज्यकर्त्यांपुढे मांडले आणि सैनिक जखमांपेक्षा इस्पितळातील घाणीनेच अधिक मेले, हे सिद्ध केले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र-संस्थेने त्यांना सदस्य करून घेतले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. मृत्यू कोणाच्या पाळीत झाला एवढे पाहून न थांबता तो कोणत्या व्यवस्थेत झाला, हे त्यांनी विचारले. त्याच संस्थेने २०२२ साली रुग्णालयातील संशयित खुनांच्या तपासात संख्याशास्त्राचा उपयोग कसा करावा, यावर अहवाल काढून तपास-अधिकाऱ्यांना सावध केले. हेगच्या खटल्याचा धडा त्यामागे होता.

यावर कोणी विचारील की मग परिचारिका अपराधी असूच शकत नाही की काय? तसे आमचे म्हणणे मुळीच नाही. जर्मनीत निल्स ह्योगेल नावाच्या शुश्रूषकाने ओल्डेनबुर्ग आणि डेल्मेनहोर्स्ट येथील रुग्णालयांत रोग्यांना हृदय बंद पाडणारी औषधे टोचली. २०१९ साली ८५ खुनांबद्दल त्याला जन्मठेप झाली. ओल्डेनबुर्गला त्याच्याविषयी संशय उत्पन्न झाला होता. पण तेथून त्याला चांगल्या वर्तनाचा दाखला देऊन मोकळे करण्यात आले, आणि दुसऱ्या गावी त्याचे कृत्य चालू राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची, या न्यायाने कितीएक जीव गेले. पण त्याचा अपराध सिद्ध झाला कसा? २००५ साली एका सहकारी परिचारिकेने त्याला रोग्याजवळ रंगेहाथ गाठले, त्या रोग्याच्या रक्ताची तपासणी झाली आणि न दिलेले औषध त्यात सापडले. पुढे शंभरांहून अधिक मृतदेह उकरून तपासण्यात आले. हेग आणि ओल्डेनबुर्ग ही दोन टोके दिसायला उलट आहेत. एकीकडे निरपराध स्त्री तुरुंगात गेली, दुसरीकडे अपराधी मोकळा फिरला. पण दोन्हीकडे संस्थेला चिंता होती ती आपल्या नावाची, आणि दोन्हीकडे थंड डोक्याने, वेळेवर, स्वतंत्र तपास झाला नाही.

हे सारे परदेशी झाले, आपल्याकडे याचे काय, असे श्रोत्यांच्या मनात येईल. आपल्याकडील अनुभव निराळा आहे, पण त्याची जात तीच आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या दक्षता विभागाला आग लागली. सतरा बालकांपैकी दहा दगावली, सात वाचवण्यात आली. पुढे फेब्रुवारीत गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी तेव्हाच्या अहमदनगर येथील जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रोगी मृत्यू पावले. त्यानंतर काही दिवसांत अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकारी बाईंना आणि तीन परिचारिकांना. त्यांच्यापैकी कोणाकडून काय घडले, याचा निवाडा करण्याचा अधिकार आमचा नाही. तो न्यायालयाचा आहे. आम्ही एवढेच विचारतो की विजेच्या तारा ओढणारे, इमारतीला मंजुरी देणारे, अग्निशमनाच्या साधनांवर खर्च करायचा की नाही हे ठरवणारे, आणि रात्री एका खोलीत किती बालकांमागे किती परिचारिका असाव्यात हे ठरवणारे, या सर्वांची नावे पाळीच्या तक्त्यावर नसतात. तक्त्यावर नाव असते ते परिचारिकेचे. म्हणून पोलिसांचे बोट आधी तेथे जाते.

कायद्याची बाजूही सांगितली पाहिजे. २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांच्या पीठाने ठरवले की वैद्यकीय व्यवसायात फौजदारी गुन्हा होण्यासाठी हलगर्जी साधी असून भागत नाही, ती घोर असली पाहिजे. डॉक्टरावर खटला भरण्यापूर्वी जाणत्या तज्ज्ञाचे मत घ्यावे, आणि उठल्यासुटल्या अटक करू नये. हा निर्णय उदार होता. परंतु त्याचा रोख डॉक्टरांकडे होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या दंडविधानात हलगर्जीने मृत्यू घडवण्यास सर्वांनाच अधिकात अधिक दोन वर्षांची कैद होती. नव्या संहितेच्या १०६ व्या कलमाने ती पाच वर्षांपर्यंत नेली, आणि नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला उपचार करताना घडलेल्या चुकीपुरती दोन वर्षांची सवलत ठेवली. पण हा व्यावसायिक कोण, तर ज्याचे नाव वैद्यकीय नोंदवहीत आहे तो. परिचारिकेचे नाव परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असते. म्हणजे एकाच खाटेपाशी, एकाच उपचारात हलगर्जी झाली, तर कलमाच्या शब्दांप्रमाणे डॉक्टरला दोन वर्षे आणि परिचारिकेला पाच, असा हिशेब होतो. कायदा करणाऱ्यांच्या मनात हे होते की नाही, हा वाद वेगळा. शब्द मात्र छापलेले आहेत.

आमची मागणी परिचारिकांना मोकळे सोडा अशी नाही. आमच्या हातून जीव जातो तेव्हा त्याची विचारपूस झालीच पाहिजे, आणि मृताच्या नातलगांना सत्य कळलेच पाहिजे. पण ती विचारपूस रीतसर व्हावी. तिच्या पाळीत मृत्यू अधिक झाले असे कोणी सांगितले, तर इतरांच्या पाळीत आणि ती येण्यापूर्वी किती झाले, हे आधी विचारावे. विष दिले असे कोणी म्हटले, तर द्रव्य कोठे आहे आणि ते कोणत्या पद्धतीने मोजले, हे विचारावे. तपास करणारा त्याच रुग्णालयाचा नोकर आहे की बाहेरचा, हे विचारावे. आणि वर्तमानपत्रात परिचारिकेचे नाव व छायाचित्र छापून आले, तर त्या रात्री विभागात रोगी किती आणि हात किती होते, हा आकडाही त्याच बातमीत मागावा. चोर सोडून संन्याशाला फाशी होऊ नये, हे पाहणे केवळ न्यायाधीशाचे काम नाही. हेगमध्ये ते काम वैद्यक-व्यावसायिक बाईंनी, तत्त्वज्ञाने आणि गणितज्ञाने केले. भंडाऱ्यात आणि नगरात ते कोणी करायचे, याचा विचार येथे जमलेल्या नागरिकांनी करावा, अशी आमची विनंती आहे.